मोडीचे खिळे आणि हुगळीकाठचं श्रीरामपूर

शुक्रवार

हावड्याहून बँडेल लोकल सुटली तेव्हा समोरच्या बाकावर दोन शाळकरी मुली पिवळ्या बांगड्यांचा जुडगा उघडून बसल्या होत्या. रविवारी सरस्वतीपूजा. वसंत पंचमीला बंगालमधल्या मुली पिवळी साडी नेसतात, आणि त्या साडीला कुठल्या बांगड्या जातील यावर दोघींचं एकमत होत नव्हतं. लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा गेलं. हिंदमोटर आलं, तिथेच २०१४ पर्यंत ॲम्बॅसेडर गाड्या बनत. मग कोन्नगर, रिषडा आणि श्रीरामपूर. हावड्यापासून अंतर वीसेक किलोमीटर. आपल्याकडे १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली, त्यानंतर सव्वा वर्षाने, १५ ऑगस्ट १८५४ रोजी, हावड्याहून हुगळीपर्यंतची पहिली गाडी याच मार्गावरून गेली.

कोलकात्याला जाणारा मराठी माणूस दक्षिणेश्वर, बेलूर मठ बघतो आणि परत फिरतो. श्रीरामपूरला मुद्दाम यायला माझ्याकडे एक कारण होतं. मोडी शिकायला लागल्यावर जुन्या छापील मोडीचा शोध घेताना इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचा १८१० सालचा मराठी-इंग्रजी कोश समोर आला. मराठी शब्द मोडीत, अर्थ इंग्रजीत. छपाईचं ठिकाण मुंबई नाही, पुणे नाही, सेरामपूर. म्हणजे हेच श्रीरामपूर. लिहिण्यासाठी जन्मलेली आपली वळणदार मोडी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत ओतली गेली ती हुगळीच्या काठी, हे कळल्यापासून हे गाव डोक्यातून जात नव्हतं.

उतरायची सोय पुण्यातल्या एका बंगाली सहकाऱ्याच्या आईवडिलांकडे होती. स्टेशनबाहेर टोटो मिळाली (बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षेला इथे टोटो म्हणतात) आणि गल्लीबोळांतून घरी पोहोचले. माशिमांनी (माशिमा म्हणजे मावशी, सहकाऱ्याच्या आईला मी तसंच म्हणते) दारातच हातातली पिशवी काढून घेतली. त्यांचे यजमान, म्हणजे मेशोमशाई, आयुष्यभर ज्यूट मिलच्या हजेरी खात्यात होते. आमची भाषा म्हणजे त्यांची थोडी हिंदी, माझी थोडी बंगाली, आणि दोन्ही संपलं की हातवारे. जेवायला भात, डाळ, फुलकोबीची भाजी आणि पाबदा मासा. शेवटी नोलेन गुडाचा संदेश. हिवाळ्यात खजुराच्या झाडाच्या रसाचा जो नवा गूळ निघतो, त्याला जरासा धुराचा वास असतो. इथला हिवाळा या गुळावरच मोजतात असं म्हटलं तरी चालेल.

दुपारी सेरामपूर कॉलेज. नदीकडे तोंड करून उभी असलेली उंच खांबांची ती इमारत पाहिल्यावर हे एका लहान गावातलं कॉलेज आहे यावर विश्वास बसत नाही. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघा मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये ते सुरू केलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याचा अधिकार देणारी सनद दिली. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही विद्यापीठं त्यानंतर तीस वर्षांनी, १८५७ साली आली.

डेन्मार्क इथे कुठून आलं, तर १७५५ साली डॅनिश कंपनीने नवाब अलिवर्दी खानाकडून इथे वखारीसाठी जागा मिळवली आणि आपल्या राजाच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगर म्हटलं. १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकलं जाईपर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इथे डॅनिश झेंडा होता. कॅरीच्या गोष्टीत हा झेंडा फार महत्त्वाचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. मार्शमन आणि वॉर्ड १७९९ मध्ये उतरले ते थेट डॅनिश आश्रयाला, आणि १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही इथे येऊन त्यांना मिळाला. छापखाना लगेच त्याच वर्षी सुरू झाला. म्हणजे कंपनीच्या राजधानीपासून अर्ध्या दिवसाच्या नावेच्या अंतरावर, पण कंपनीच्या हुकमाबाहेर. हे गाव आणखी दहा कोस खाली, इंग्रजांच्या हद्दीत असतं, तर तो छापखाना उभाच राहिला नसता असं मला वाटतं.

आणि मग कंपनीलाच त्याची गरज पडली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला माणूस हवा होता. १८०१ पासून कॅरी तिथे बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, पुढे मराठीही. आठवड्यातले काही दिवस नावेने कलकत्त्याला, उरलेले इथे. या शिकवण्यातूनच १८०५ चं मराठी व्याकरण आणि १८१० चा कोश निघाला. त्याच्या मागे उभे होते कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ. कॅरीचं नाव कोशाच्या पहिल्या पानावर आहे. वैजनाथांचं नाव किती मराठी लोकांना माहीत आहे? मलाही मोडीच्या वाटेनेच ते भेटलं.

तिसरं नाव पंचानन कर्मकार. हे लोहार घराण्यातले. १७७८ मध्ये हुगळीला हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं, तेव्हा चार्ल्स विल्किन्ससोबत बंगाली खिळे घडवण्यात त्यांचा हात होता. पुढे ते श्रीरामपूरला आले आणि इथल्या ओतशाळेत बंगाली, देवनागरीचे ठसे कोरू लागले. त्यांच्यानंतर जावई मनोहर यांनी ते काम चालवलं. पोलादी पट्टीच्या टोकावर एकेक अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसं ओतायचं. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं धरून असे शेकडो खिळे लागतात. १८०१ ते १८३२ या काळात या छापखान्यातून ४० भाषांत सुमारे २ लाख १२ हजार प्रती निघाल्याचं सांगितलं जातं. ११ मार्च १८१२ च्या आगीत कागद, हस्तलिखितं, खिळे सगळं गेलं, पण ठसे आणि साचे वाचले. वितळलेलं शिसं पुन्हा ओतून काही आठवड्यांत काम सुरू झालं. लोहारांनी कोरलेलं पोलाद तेवढं टिकलं होतं.

कॉलेजच्या आवारात कॅरीच्या नावाचं संग्रहालय आणि ग्रंथालय आहे. संग्रहालय निवांत पाहिलं. ग्रंथालयातली जुनी पुस्तकं हाताळायला आधी परवानगी लागते आणि ते योग्यच आहे, दोनशे वर्षांचा कागद म्हणजे काही खेळणं नाही. वैजनाथांच्या पुस्तकांची नावं लिहून अर्ज दिला आणि निघाले.

संध्याकाळी निशान घाटाकडे. डॅनिश काळात इथल्या काठावर निशाण फडकायचं. जवळच १७८६ सालची डेन्मार्क टॅव्हर्न आहे. कित्येक वर्षं छप्पर कोसळून पडलेली ही इमारत दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उघडली, आता तिथे कॅफे आहे. कॉलेजातली मुलंमुली कोल्ड कॉफी घेऊन बसली होती. मी चहा घेतला आणि नदी काळी होईपर्यंत बसले.

शनिवार

सकाळी मेशोमशाई म्हणाले, "गिरिजाघर वगैरे तुमच्यासारखे लोक बघतात. श्रीरामपूर म्हणजे माहेश." म्हणून आधी माहेश.

माहेश हा शहराचा दक्षिणेकडचा भाग. इथली जगन्नाथाची रथयात्रा पुरीच्या खालोखाल जुनी मानतात, परंपरेने तिची सुरुवात १३९६ सालची सांगतात. सध्याचा रथ १८८५ चा. आधीचा लाकडी रथ जळाला, म्हणून हा लोखंडी सांगाड्यावर बांधला. पन्नास फूट उंच, बारा चाकं, वजन १२५ टन. आषाढात लाखो हात त्याला ओढतात. आत्ता माघात तो ग्रँड ट्रंक रोडच्या कडेला उभा होता आणि त्याच्या समोरून बस, सायकली, टोटो जात होत्या. मेशोमशाईंनी चप्पल काढून चाकाला हात लावला. "लहानपणी बाबांच्या खांद्यावरून दोरी शिवलो होतो," म्हणाले. रथाचा दोर नुसता शिवला तरी पुण्य, अशी इथली श्रद्धा. देवळात गर्दी नव्हती. बाहेर एका दुकानात माहेशचा गुटके संदेश घेतला, दोन गोळे एकमेकांना चिकटवलेले असतात.

परत येताना मिलची उंच भिंत लागली आणि मेशोमशाई बोलके झाले. भारतातली पहिली ज्यूट मिल शेजारच्या रिषड्यात, १८५५ मध्ये. जॉर्ज ॲकलंड नावाच्या इंग्रजाने बिश्वंभर सेन यांच्या भांडवलाच्या मदतीने ती काढली. मग हुगळीच्या दोन्ही काठांवर चिमण्या उभ्या राहिल्या आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्रातून माणसं आली. आजही मिलच्या लाइनींमध्ये, म्हणजे मजुरांच्या चाळींत, बंगालीपेक्षा हिंदी, भोजपुरी जास्त ऐकू येते. भिंतीलगत लिट्टी भाजणारा माणूस बसला होता. फाळणीत ताग पिकवणारी शेतं पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या इकडे राहिल्या. त्यानंतर पश्चिम बंगालमध्ये तागाची लागवड वाढवावी लागली. प्लॅस्टिकच्या गोण्या आल्यावर धंदा आणखी खचला. १९८७ च्या कायद्याने धान्य आणि काही प्रमाणात साखर तागाच्या गोण्यांत भरणं बंधनकारक केलं, त्यावर या गिरण्या तग धरून आहेत.

"तुमच्याकडची साखर आमच्या गोणीत," मेशोमशाई म्हणाले. खरं आहे. कारखान्याच्या गोदामात बारदान मोजून घेताना ते कुठल्या नदीकाठी, कुणी विणलं याचा विचार आपण करत नाही. मी त्यांना गिरणगावाबद्दल सांगितलं. लालबाग-परळचे भोंगे, १९८२ चा संप, मग बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मजुरांना घरं मिळाली?" मी म्हटलं, काहींना, सोडतीने, फार उशिरा. ते पुढे चालू लागले. आपल्या काळात सकाळी फाटकावर काम बंदची नोटीस लागलेली दिसली की हजेरीचं रजिस्टर तसंच कपाटात ठेवायचं, हे त्यांनी घरी पोहोचता पोहोचता सांगितलं.

दुपारी माशिमांच्या ओळखीच्या एका छपाईच्या कारखान्यात गेलो. श्रीरामपूर रेशमी कापडाच्या छपाईसाठी ओळखलं जातं. लांबच लांब टेबलांवर साड्या टाचण्यांनी ताणून बसवलेल्या, दोन माणसं जाळीची चौकट उचलून पुढे ठेवतात, रबरी पट्टीने रंग ओढतात, पुन्हा उचलतात. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. एक रंग केसभर सरकला तरी साडी वाया. कारागिराने माझ्याकडे न बघता पूर्ण टेबल संपवलं आणि मग हसून नमस्कार केला.

संध्याकाळी बाजार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरस्वतीच्या मूर्ती, वीतभर उंचीपासून माणसाएवढ्या. माशिमांनी सात दुकानं बघून आठव्यात मूर्ती घेतली, कारण बाकीच्यांचे "डोळे रागावलेले" होते. पळसाची फुलं, आंब्याचा मोहोर, यवाच्या ओंब्या, बोरं, दौत आणि बोरूची लेखणी. पूजेआधी मुलांनी बोरं खायची नसतात. खाल्ली तर परीक्षेत नापास, असा धाक घातलेला असतो.

जेवताना शेजारचे एक आजोबा आले. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे बर्गी!" माशिमा त्यांच्यावर रागावल्या. पण त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बंगालमध्ये मुलांना झोपवताना जे पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं म्हणतात त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी भास्करराम कोल्हटकरांना बंगालवर पाठवलं. पुढे १७५१ च्या तहापर्यंत स्वाऱ्या होत राहिल्या. गंगेच्या पश्चिमेकडचा मुलूख, म्हणजे हीच बाजू, होरपळली. लोक नदी ओलांडून पळाले. कलकत्त्याभोवती इंग्रजांनी खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा डिच पडलं. शाळेत आपण अटकेपार झेंडे वाचतो. या घरांतून त्याच घोड्यांच्या टापा अंगाईत ऐकवल्या जातात. मला ते ऐकताना अवघडल्यासारखं झालं आणि तसं मी बोलूनही दाखवलं. आजोबा म्हणाले, अडीचशे वर्षं झाली, आता मासा घ्या.

मग मी त्यांना सांगितलं की त्याच रघूजींची वंशावळ पुढे वैजनाथ पंडितांनी मराठीत लिहिली आणि ती इथेच, तुमच्या श्रीरामपुरात छापली गेली. आजोबांनी चमचा खाली ठेवला. "बर्गींची वंशावळ? इथे?" त्यांना ते खरं वाटायला बराच वेळ लागला.

रविवार

सकाळी सातलाच माशिमांनी उठवलं, कारण पुरोहित कधी येईल याचा नेम नव्हता. या दिवशी एका पुरोहिताकडे इतकी घरं असतात की तो सायकलवरून येतो, मंत्र म्हणतो आणि निघतोसुद्धा. मूर्तीसमोर घरातल्यांनी पुस्तकं ठेवली. शेजारच्या मुलीचं बारावीचं भौतिकशास्त्र, नातवाचं गणित, माशिमांचं पाककृतींचं जुनं वहीवजा पुस्तक. आज दिवसभर ती उघडायची नाहीत. माशिमांनी माझ्याकडे पाहिलं, "तू काही ठेवणार नाहीस?" माझ्याकडे कॅरीच्या कोशाच्या पानांच्या छापील प्रती होत्या, सरावासाठी आणलेल्या. त्या ठेवल्या. मोडीतले मराठी शब्द, श्रीरामपुरात ओतलेल्या खिळ्यांनी छापलेले, श्रीरामपुरातल्या सरस्वतीपुढे. मी भाविक नाही, पण अंजलीची फुलं हातात घेतल्यावर मला वैजनाथ आणि पंचानन आठवले आणि घसा दाटला.

मग हातेखोडी. शेजारच्या चार वर्षांच्या मुलाला पुरोहिताने मांडीवर घेतलं, त्याची मूठ आपल्या हातात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढलं. मुलाने खडू तोंडात घातला. दुसऱ्या अक्षराला तो रडला, तिसरं मात्र त्याने स्वतःच, कोणी न सांगता, पाटीच्या बाहेर फरशीवर काढलं.

दुपारी पाड्यातल्या मंडपात खिचडी, लाब्डा म्हणजे मिश्र भाजी, बेगुनी म्हणजे वांग्याची भजी आणि बोराची चटणी. खिचडी मुगाची, डाळ आधी भाजून घेतलेली, त्यामुळे वास वेगळाच. पिवळ्या साड्यांतल्या मुली, कुडत्यांतली मुलं, सगळे रस्त्यावर. शाळा आज सगळ्यांसाठी उघड्या असतात, त्यामुळे मुलग्यांच्या शाळेत मुली आणि मुलींच्या शाळेत मुलगे, मोकळेपणाने हिंडतात.

ऊन उतरल्यावर फेरीने पलीकडे बराकपूरला गेले. काही मिनिटांचाच प्रवास. बराकपूर ही छावणी, २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी बंदूक उचलली ती तिथे. पण मला पलीकडून श्रीरामपूर बघायचं होतं. झाडांवरून सेंट ओलाव्ह चर्चचं टोक दिसलं. हे चर्च डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी सुरू केलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८०६ मध्ये पुरं झालं. बराकपूरच्या बागेतून एखादं शिखर दिसलं तर बरं, असं म्हणून गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने त्याला हजार रुपये दिले, असं सांगतात. परत आल्यावर चर्चजवळ गेले. दर्शनी भागावर डेन्मार्कचा राजा सातवा ख्रिश्चन याची मुद्रा आहे. पडायला आलेली ही वास्तू डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पुढाकाराने सावरली गेली आणि २०१६ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी सोडलेल्या गावासाठी त्या देशाने केलेलं हे काम पाहून बरं वाटलं. कोल्हटकरांच्या किंवा वैजनाथांच्या वाटेने महाराष्ट्रातून कोणी अभ्यासाला येतं का, हा प्रश्नही तिथेच पडला.

सोमवार

आज चूल पेटली नाही. षष्ठीला पाटा-वरवंट्याला हळदीचं कापड पांघरून पूजतात आणि काल रात्री शिजवलेलं गोटा सेद्धो थंडच खातात: अख्खे छोटे बटाटे, छोटी वांगी, शेंगा, मटार, कोवळा पालक, अख्खे मूग, सगळं न चिरता एकत्र उकडलेलं, वरून कच्चं मोहरीचं तेल. ही पश्चिम बंगालच्या मूळ घरांची रीत. समोरच्या घरातले पूर्व बंगालमधून आलेले, त्यांच्याकडे काल जोड इलिश, म्हणजे इलिश माशांची जोडी, आली होती. माशिमांनी दोन्ही सांगितलं आणि आपलं कसं चांगलं हेही सांगितलं.

निघण्याआधी मिशनच्या दफनभूमीत गेलो. कॅरी ९ जून १८३४ रोजी वारला. मार्शमन आणि वॉर्ड यांच्याही कबरी इथेच. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आणि अंतर दोन्ही आहे, पण त्याच्या टेबलावर बसून काम करणाऱ्या पंडितांचा आणि लोहारांचा दगड इथे कुठे नाही, ते जास्त बोचलं.

चालताना मेशोमशाईंना मी आणखी एक गोष्ट सांगितली. रामराम बसूंचं राजा प्रतापादित्यचरित्र त्यांना माहीत होतं, १८०१ चं, बंगाली गद्याच्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी. वैजनाथांनी त्याचं मराठी केलं आणि १८१६ मध्ये तेही श्रीरामपुरातच छापलं. जेशोरच्या राजाची गोष्ट, मराठीत. शिवाय १८१८ मध्ये इथून निघालेल्या नियतकालिकांची नावं दिग्दर्शन आणि समाचार दर्पण. मुंबईत १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी दर्पण काढलं आणि १८४० मध्ये दिग्दर्शन.

मेशोमशाई थांबले. "ते मराठी पुस्तक तुमच्याकडच्या लोकांनी वाचलं?" मी खरं तेच सांगितलं. ती पुस्तकं फोर्ट विल्यममध्ये मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी होती. सामान्य मराठी माणूस तेव्हा शेकडो कोस दूर होता.

"मग आता वाचा," ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी हजेरी खात्याच्या जुन्या सवयीने डायरी काढली, आडव्या रेघा मारल्या आणि बंगालीत लिहून घेतलं: वैजनाथ, प्रतापादित्य, १८१६, अर्ज शुक्रवारी दिला. पूजेची सुट्टी संपली की ते स्वतः ग्रंथालयात जाऊन अर्जाचं काय झालं ते विचारणार आहेत आणि मला फोन करणार आहेत. पाने मिळाली तर मोडी वाचायचं काम माझं, आणि रामराम बसूंच्या बंगालीशी ताडून बघायचं काम त्यांचं.